दुबारा

लखनौच्या सरोजिनी नगरमधल्या आमच्या शाळेत पंखे नव्हते, पण प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर एक स्पीकर मात्र होता. आमच्या प्राचार्या निगम मॅडम आपल्या खोलीत बसून त्यातूनच कोणाचाही तास ऐकत, आणि एखादा शब्द खटकला की स्पीकरवरून म्हणत, "दुबारा." मग शिकवणाऱ्या बाईने मुलांदेखत धडा पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. मी साताऱ्याची, हिंदी यथातथाच. त्यामुळे हा प्रसाद माझ्या वाट्याला जरा जास्तच यायचा. बत्ती गेली की स्पीकर बंद, तेवढीच सुटका. अख्ख्या लखनौत बत्ती गेल्यावर खूश होणारी मी एकटीच असेन.

शहाण्णव साली मॅडम अचानक वारल्या. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं नाही. नवे प्राचार्य राघव सर भला माणूस. त्यांनी पंखे लावले, स्पीकर काढून टाकले आणि म्हणाले, "मीनाक्षीजी, अब जैसे जी चाहे, पढ़ाइए."

माझ्या पाचवीत अवनी नावाची मुलगी होती. तिने वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं. हिला यंदा एक तरी पान मोठ्याने वाचायला लावायचंच, असं मी मनाशी घेतलं. रोज मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून मी तिला हळू आवाजात वाचायला लावायची.

अशातच एक दिवस शिकवता शिकवता ऐकू आलं, "दुबारा." तोच घोगरा आवाज. भिंतीवर स्पीकरच्या जागी नुसता पांढरा चौकोन होता. माझ्या अंगावर काटा आला, तरी सवयीने मी पहिल्या ओळीवर गेले. मग हे वरचेवर होऊ लागलं. शेजारच्या वर्गावरच्या पद्माला सांगितलं, तर ती हसली.

"मीनाक्षी, यार, गेली ती बाई. आता तरी चैन से शिकव!"

डिसेंबरात अवनी आपणहून वाचायला उठली. पहिल्या ओळी तिने नीट वाचल्या. आनंदाने मला भरून आलं. पुढे एका शब्दावर ती अडखळली.

"दुबारा."

मी संतापून भिंतीकडे पाहिलं. मेल्यावर तरी पोरीला सोडा, असं ओरडणारच होते. पण वर्गातलं एकही मूल भिंतीकडे पाहत नव्हतं. सगळी माझ्याकडे पाहत होती, आणि माझं तोंड त्या शेवटच्या 'रा'वर अजून उघडंच होतं.

"सॉरी मैम," म्हणत अवनी पुस्तक मिटून खाली बसली.

परीक्षेपर्यंत मी तिची मनधरणी करत राहिले. ती पुन्हा उठली नाही.