मताला निघालेली बाज

मित्रांनो, राजांची सिंहासने आली आणि गेली. काही लुटली गेली, काही वितळवली गेली. परंतु ज्या एका आसनावर जन्म झाले, लग्ने ठरली, भांडणे मिटली आणि इंग्रज सरकारचे काय करायचे याचा रोज संध्याकाळी निकाल लागला, असे वऱ्हाडातले थोर आसन म्हणजे मी.

मी बाज आहे. दोरीने विणलेली, जुनी. माझा एक खूर, म्हणजे पाय, बोटभर आखूड आहे, म्हणून त्याच्याखाली खापराचा तुकडा ठेवतात.

त्या आखूड खुराची हकीकत अशी. शिरपूरहून मालेगावकडे जाताना उजव्या हाताला चंपतरावांचा भाजीचा मळा लागतो. वांगी, मेथी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, असे सगळे तिथे पिकते. चंपतरावांची बायको गोजराबाई पहिलटकरीण होती, आणि बाळंतिणीला नवी बाज हवी म्हणून त्यांनी घरी सुतार बोलावला. बाभळीचे तीन खूर सुताराने उपाशीपोटी तासले. ते अगदी नेमके झाले. मग गोजराबाईने त्याला झुणका-भाकर वाढली. चौथा खूर त्याने जेवल्यावर तासला. मी त्याला दोष देत नाही. झुणका चांगला झाला असणार.

दोरी मात्र चंपतरावांनी स्वतः वळली. मळ्याच्या बांधावर अंबाडी होती. तिचा पाला गोजराबाईने भाजीला खुडला, काड्या चंपतरावांनी नाल्यात भिजत घातल्या आणि निघालेला वाख मांडीवर वळून वळून दोरी केली. म्हणजे माझा अर्धा भाग त्या घराने खाल्ला आणि उरलेल्या अर्ध्यावर ते घर झोपले. याहून जवळचे नाते मला तरी ठाऊक नाही.

मग माझ्यावर गोजराबाई बाळंतीण झाली. माझ्याखाली शेकाचे निखारे, वर ती, आणि तिच्या कुशीत जगदेव. या जगदेवाने पुढे गावोगाव भाषणे केली. परंतु त्याचे पहिले सार्वजनिक कार्य माझ्यावरच पार पडले, आणि ते माझ्या दोऱ्यांतून सरळ निखाऱ्यांवर पडून त्याचा मोठा आवाज झाला. चंपतराव दाराआडून हसले. तो बाप म्हणून त्यांचा पहिला आनंद, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला, याबद्दल मी त्या घराची आजही ऋणी आहे.

मित्रांनो, बाजेला दोन टोके असतात. उसे आणि पायथा. बाप उशाकडे बसतो, मुलगा पायथ्याशी. हा नियम कोणी सांगत नाही, पण मोडला तर सगळ्यांना कळतो. जगदेव चालू लागल्यापासून रोज संध्याकाळी पायथ्याशी बसायचा. मध्ये भाजलेल्या शेंगांची टोपली. चंपतराव दिवसभर मोट हाकून आलेले असायचे. ते शेंगा फोडत आणि मोठ्याने विचार करत.

"पोरगं पयल्यांदा चालते तवा आपण त्याले हासतो," ते म्हणायचे. "मंग आपले गुडघे जातात, अन् ते आपल्याले हासते. हिशेब बरोबर झाला."

"मी कुठी हासून राह्यलो, बा?" जगदेव म्हणायचा.

"आता नाई. पन हासशीन. तयारी ठेव."

राजकारणावर त्यांचे मत ठाम होते. राज्य गोऱ्याचे असो की काळ्याचे, वांग्याला कीड पडणारच. ज्या दिवशी सरकार वांग्यावरची कीड काढील, त्या दिवशी आपण त्याचा जयजयकार करू. हे मत मी बरीच वर्षे ऐकले. आजही मला ते फारसे चुकीचे वाटत नाही.

मग जगदेव मोठा झाला आणि त्याने पांढरी टोपी घातली. त्याबद्दल बापाचे काही म्हणणे नव्हते. टोपी उन्हाला बरी, एवढेच ते म्हणाले. बिघडले ते रिसोडच्या बाजारात. जगदेवाची तिथे सभा होती. तो ओट्यावर चढून मुठी आवळत म्हणाला, "ह्या गुलामीचं कारण म्हंजे आपल्या घरातले म्हातारे! त्याइनंच देशाच्या पायात बेडी घातली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर, वांग्याच्या टोपलीमागे, चंपतराव बसले होते. लोकांचे पाहून त्यांनीही दोन टाळ्या वाजवल्या. मग त्यांना कळले की हे आपल्याबद्दल आहे.

त्या संध्याकाळी ते घरी आले आणि माझ्यावर आडवे झाले. नेहमी ते पाय दुमडून बसत. त्या दिवशी त्यांनी दोन्ही पाय लांब केले, थेट पायथ्यापर्यंत. जगदेव शेंगांची टोपली घेऊन आला. बसायला जागा नव्हती. तो काही वेळ उभा राहिला. मग ओट्याच्या कडेला जाऊन बसला.

भांडण म्हणाल तर एवढेच झाले. एक शब्दही कोणी बोलले नाही. आणि पुढे तर बापलेक एकमेकांशी बोलेचनात.

दोघे हाताच्या अंतरावर बसत आणि गोजराबाईमार्फत बोलत.

"त्याले सांग, मिरचीले पानी द्याचं हाये."

"बाले सांग, देल्लं."

"त्याले सांग, मेथीले बी द्याचं हाये."

"मी काय तारघर हावो?" गोजराबाई भाकरी थापता थापता म्हणायची. "एक अथी बसला, एक तथी बसला. मधात मी खंब्यासारखी उभी!"

रात्री चंपतराव कूस बदलत. "पोरगं पायथ्याशी असलं म्हंजे पायाले गरम राह्यते व," असे एकदा ते हळूच म्हणाले. गोजराबाई झोपली होती. ते वाक्य माझ्या वाट्याला आले. त्यांना काय हवे आहे ते तेव्हापासून मला ठाऊक होते. पण पाय आखडते घ्यायला ते तयार नव्हते.

आता यात माझी काय दशा झाली ते ऐका. बाजेची दोरी वापराने ढिली पडते. पायथ्याला ताणाची दोरी असते, ती अधूनमधून आवळावी लागते. हे काम दोघांचे आहे. एकाने पायथ्याच्या लाकडाला पाय लावून दोरी ओढायची, दुसऱ्याने ओढलेला फेर तळहाताने दाबून धरायचा. दाबणाऱ्याने हात काढला की सगळे पुन्हा ढिले. आमच्या घरी हे काम बाप आणि मुलगाच करत आले होते. आता बाप म्हणेना, "ये, ओढ." मुलगा म्हणेना, "बा, धरा."

"तू धरतं काय?" चंपतरावांनी गोजराबाईला विचारले.

"मी नाई धरत," ती म्हणाली. "ज्याइनं ढिलं केलं, त्याइनंच आवळावं."

तिने तेव्हा चुलीकडे तोंड फिरवले. ती हसत होती की डोळे पुसत होती, हे मला दिसले नाही. चुलीला धूरही फार होता.

आणि मी खाली खाली जाऊ लागले. आधी माझ्यावर झोळ पडला, मग खड्डा झाला. त्या थंडीत चंपतराव माझ्यावर निजले की बाहेरून फक्त नाकाचा शेंडा आणि दोन गुडघे दिसत.

अशात सदतीस सालची निवडणूक आली. मताचा हक्क सगळ्यांना नव्हता. ज्याच्या नावावर जमीन आणि सारा, त्याला मत. त्यामुळे असे झाले, की ज्या जगदेवाने देशासाठी घसा फोडून घेतला, त्याला मत नव्हते; आणि ज्या चंपतरावांना देशापेक्षा वांग्याची कीड मोठी वाटे, त्यांना होते. सरकारने हे मुद्दाम केले नसावे. एवढा विनोद सरकारला सुचत नाही.

एका जमीनदार उमेदवाराचा माणूस हेमसिंग आधीच येऊन गेला होता. "काका, तुमचे गुडघे गेले तं काय झालं? आमची मोटार येईन तुमाले घ्याले," तो सांगून गेला. चंपतराव आयुष्यात मोटारीत बसले नव्हते. मतदानाच्या दिवशी ते पहाटेच अंघोळ करून, पागोटे बांधून माझ्यावर बसले. म्हणजे बसले आणि खड्ड्यात गेले. पागोटे तेवढे वर राहिले.

सकाळ गेली. दुपार झाली. मोटार आली नाही. घरची बैलगाडी भाजी घेऊन रिसोडला गेली होती. शिरपूरच्या शाळेत मतदान संध्याकाळपर्यंतच होते, आणि चंपतराव विहिरीपर्यंतसुद्धा काठी टेकत जात.

तेवढ्यात जगदेव आला. बरोबर तीन मित्र, सगळे पांढऱ्या टोपीत.

"माय, बाले सांग," तो म्हणाला, "आमी बाज खांद्यावर घेऊन नेतो."

"त्याले सांग," खड्ड्यातून आवाज आला, "मत मी माह्या मनानं टाकीन. तुमच्या खांद्यावर बसलो म्हून तुमच्या पेटीत नाई टाकनार."

गोजराबाई काही सांगायला वळलीच नाही. तिने फक्त जगदेवाकडे पाहिले.

जगदेव म्हणाला, "बाले सांग, कोणालेबी टाका. पन टाका. तुमचं मत वाया गेलं नाई पायजे."

खड्ड्यातून एक हात वर आला आणि पागोटे चाचपू लागला. मग चंपतराव म्हणाले, "पागोटं नीट हाये काय माह्यं?"

आम्ही निघालो. आता विचार करा. चौघे जण, पांढऱ्या टोप्या, खांद्यावर बाज. बाजेतला माणूस खोल रुतलेला, रस्त्यावरून काही दिसत नाही. आणि चौघेही गप्प, कारण मुलगा बापाशी बोलत नव्हता आणि मित्रांना काय बोलावे ते कळत नव्हते. समोरून येणाऱ्या गाडीवानाने गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून हात जोडले. ज्वारीच्या शेतातल्या बायांनी विळे खाली ठेवले. एकीने पोराला पदराआड घेतले. कोणीतरी चालता चालता मागे येऊन मिळाले. मग अजून दोघे. पाहता पाहता चांगली दहा-वीस माणसे मान खाली घालून आमच्या मागे चालू लागली.

शिरपूरच्या अलीकडे रुपाबाई भेटली. ही बाजारात चंपतरावांच्या शेजारी भाजी विकायची आणि जागेवरून रोज त्यांच्याशी भांडायची. जगदेवाला पाहून तिने कपाळावर हात मारला आणि हंबरडाच फोडला.

"गेला व माय! कसा देवमानूस होता! कवाच किडकं वांगं देल्लं नाई कोणाले! आता कोनाशी भांडू मी?"

"मांगल्या बाजारी तं तू मले चोर म्हने, रुपाबाई!" माझ्या पोटातून आवाज आला.

रुपाबाईने भाजीची टोपली सोडली. मागच्यांपैकी निम्मे पळाले. मी एका बाजूला कलंडले, कारण जगदेवाच्या एका मित्राने खांदा काढून घेतला होता. तरी मी पडले नाही, कारण जगदेवाने दोन्ही हातांनी मला सावरून धरले होते.

"जगद्या!" चंपतराव ओरडले. "ठेव खाली बाज! आवळ पयले हे! जित्या मानसाची मयत काढली तुमी!"

किती महिन्यांनी त्यांनी मुलाला नावाने हाक मारली होती! जगदेवाने मला लिंबाखाली ठेवले. बापाला उतरवून बांधावर बसवले. मग माझ्या पायथ्याला पाय रोवला आणि दोरी ओढली. चंपतराव बसल्या बसल्या पुढे सरकले. मोट हाकणारे तळहात होते ते, गुडघे गेले तरी हात शाबूत होते.

"धरलं काय, बा?"

"धरलं. ओढ."

"सोडजा नका."

"मी कायले सोडू? ओढ लेका, अजून ओढ. भाषनात एवढा जोर, अन् अथी काहून मांजरासारखा ओढून राह्यला?"

जगदेव ओढता ओढता थांबला. "बा," तो म्हणाला, "ते भाषन मले दुसऱ्यानं लिहून देल्लं होतं."

"मंग वाचाच्या आंधी पाहाव ना, समोर कोन बसून राह्यलं ते!"

"समोर वांगे दिसले फक्त."

चंपतराव हसू लागले. हसता हसता त्यांचा हात सुटला आणि सगळी दोरी पुन्हा ढिली झाली. पुन्हा पहिल्यापासून आवळावी लागली. मित्रांनो, मला त्या दिवशी दोनदा आवळले. आयुष्यात इतके बरे कधी वाटले नव्हते.

मग चंपतराव माझ्यावर ताठ बसले, पाय दुमडून. पायथ्यावर हात थोपटून म्हणाले, "बस जरासा. खुर्च्या मिळतीन तुमाले तुमच्या राज्यात. तवरोक अथीच बस." जगदेव बसला. रुपाबाईने डोळे पुसून टोपलीतल्या शेंगा दोघांना दिल्या. मेलेल्या माणसाला शेंगा दिल्याचे तिने पुढे बाजारात बरीच वर्षे सांगितले.

शाळेत आम्ही नवरदेवासारखे पोचलो. चंपतराव आत गेले, बाहेर आले. मत कोणाला दिले ते त्यांनी कधीच कोणाला सांगितले नाही. गोजराबाईने विचारले तर म्हणायचे, "सरकारनं लपवून टाकाले सांगतलं. मी कायदा पाळनारा मानूस हावो." जगदेवाने मात्र कधी विचारले नाही. बापाला ते आवडले असावे. मी तर तेव्हा बाहेर उन्हात उभी होते.

त्यानंतर चंपतराव आणखी काही वर्षे जगले. लढाई आली, घासलेट मिळेनासे झाले, संध्याकाळी अंधारातच शेंगा फोडल्या जाऊ लागल्या. शेवटी रीतीप्रमाणे त्यांना माझ्यावरून उतरवून जमिनीवर घोंगडीवर घेतले. गेलेल्या माणसाची बाज घरात ठेवत नाहीत, कोणाला तरी देऊन टाकतात. गोजराबाई जगदेवाला म्हणाली, "राहू दे. तिच्यावर तुह्यी जागा हाये." मी राहिले.

त्यानंतर वर्षभर जगदेव पायथ्याशीच बसला. उसे रिकामे होते. मग एके दिवशी त्याचा मुलगा टोपली घेऊन आला आणि पायथ्याशी बसू लागला, तेव्हा जगदेवाला वर सरकावेच लागले. आता राज्य आपले झाले आहे. जगदेवाचे गुडघे वाजतात. परवाच तो म्हणत होता, राज्य आपले आले खरे, पण वांग्याची कीड काही गेली नाही. मुलगा म्हणाला, "बा, तुमाले काई समजत नाई." मी दोरी घट्ट धरून ठेवली.

मित्रांनो, असे हे माझे जीवन. मला जन्म मिळाला, माणसे मिळाली, त्यांच्या संध्याकाळी मिळाल्या. या घराचे उपकार मी सात जन्मांत फेडू शकत नाही. माझ्याकडून एवढेच शिका, की घरात कोणी पाय लांब करून निजले, तर ते नेहमीच थकले म्हणून निजलेले नसते. म्हाताऱ्यांचे ऐकून घ्या, तरुणांना जागा द्या, देश सांभाळा, आणि दोरी आवळायला कोणी हाक मारली तर मान ताठ ठेवून बसू नका.

आणि हे सगळे जमले नाही, तरी जाता जाता जरा वाका. तो खापराचा तुकडा पुन्हा सरकला आहे. तेवढा खुराखाली सारा.