लाकडी माशाची जीभ

शहरबानूला पंधरावं लागलं आणि मैमुनाबी फुफीला एकाएकी साक्षात्कार झाला की मुलगी लाँचवर शोभत नाही. चौदावं संपेपर्यंत शोभत होती. गेल्याच महिन्यात ती लाँचच्या टपावर बसून शेंगा खात होती, टरफलं खाडीत उडवत होती, तेव्हा कोणाचं काही म्हणणं नव्हतं. वाढदिवस झाला, आणि खलास.

"सोळाव्याला मी सासरी भाकऱ्या बडवत होते," फुफी म्हणाली.

"म्हणून तर म्हणते, मला लाँचवर जाऊ दे," शहरबानू म्हणाली.

अम्मी मामाच्या लग्नासाठी खेडला गेलेली, त्यामुळे दुबईतल्या त्या दोन खोल्यांत राज्य फुफीचं, म्हणजे अब्बांच्या बहिणीचं. अब्बा, म्हणजे अलीमियाँ, आठवडाभर आपल्या लाँचमधून खाडीबाहेर नांगरलेल्या जहाजांना भाजीपाला नि पाणी पोचवायचे. शुक्रवारची सकाळ तेवढी घरची. जुम्म्याच्या नमाजाआधी जे मासे मिळतील ते मिळतील. घरातल्या भांडणात मत द्यायची वेळ आली की अब्बांना इंजिनला तेल घालायचं आठवायचं. पण लाँच होती धक्क्यावर आणि भांडण होतं जेवायच्या दस्तरखानावर. पळायला जागा नव्हती.

"असं करू," अब्बा घास गिळून म्हणाले. "या शुक्रवारी तिनं एक सुरमई काढायची. एकटीच्या हातानं. काढली तर दर शुक्रवारी येईल, कोणी चकार शब्द बोलायचा नाही. नाही काढली तर लाँच बंद. घरी बसून फुफीपाशी शिवण शिकायचं."

"सुरमई? ही?" फुफीला हसू आवरेना. "हिला बाजारात मांडलेली सुरमई ओळखता येत नाही!"

"ती कापलेली होती, फुफी. कापल्यावर सगळे सारखेच दिसतात."

शहरबानूचा सगळा भरवसा एका लाकडी माशावर होता. एका मालवाहू जहाजावरच्या स्कॉटिश इंजिनिअरनं तो अब्बांना भेट दिला होता. वीतभर लांब, निळी पाठ, पांढरं पोट, पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ, आणि खालच्या ओठातून पुढे आलेली पत्र्याची पातळ जीभ. बरोबर एक इंग्रजी कागद. अब्बांना इंग्रजी यायचं ते 'यस सर' आणि 'टुमारो सर' एवढंच, त्यामुळे मासा आपोआप शहरबानूच्या मालकीचा झाला. तिच्या शाळेत सगळं इंग्रजीतच होतं. इंग्रजीत ती आता इतकी तयार झाली होती की अब्बांनी मराठीत विचारलं तरी ती 'जस्ट अ मिनिट' म्हणायची आणि फुफी तिला उलथनं दाखवायची.

कागदात लिहिलं होतं की दोर सोडायचा, बोट संथ चालवायची. पाणी जिभेवर आपटलं की मासा आपोआप खाली बुडी मारतो आणि जिवंत असल्यासारखा वळवळतो. दोर हातात थरथरला की समजायचं, मासा नीट पोहतोय.

गुरुवारी संध्याकाळी नूरुद्दीन चाचा आले. अब्बांचे धाकटे भाऊ. खाडीकाठी गलबतं दुरुस्त करायच्या कामावर होते. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायचा, गलबताच्या बुडाला चरबी नि चुन्याचा लेप द्यायचा, म्हणजे लाकडाला समुद्राची कीड लागत नाही. चाचांनी लाकडी मासा हातात घेतला, उलटा केला, पोटावर टिचकी मारली आणि हळहळले.

"असाच कोरडा समुद्रात घालणार होतीस? गो, लाकूड आहे ते!"

शहरबानूला ते लगेच पटलं. का पटू नये? तिच्या घरात खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक लाकडाला लेप लागायचा. फुफी तर म्हणायची, नूरुद्दीनला मोकळा सोडला तर तो पोळपाटालाही लावेल. चाचा मासा घेऊन गेले नि रात्री परत आणून दिला. पोट गुळगुळीत पांढरं. आणि कामात कसूर नको म्हणून जिभेलाही दोन्ही बाजूंनी जाडजूड लेप.

"आता हा शंभर वर्षं टिकेल," चाचा म्हणाले.

"थँक्यू चाचा!" म्हणत तिनं त्याला उशाशी घेतलं, आणि रात्रभर उशीला बकऱ्याच्या चरबीचा वास मारत राहिला.

शुक्रवारी फजरच्या नमाजानंतर लाँच खाडीतून बाहेर पडली. अब्बा सुकाणूवर, चाचा सल्ला द्यायला, आणि मागच्या टोकाला शहरबानू. हातात नायलॉनचा दोर गुंडाळलेली फळी. सुरमईचे दात दोर कापतात म्हणून शेवटी हातभर तार. ऊन कोवळं होतं, पाणी काचेसारखं. तिनं मासा सोडला.

माशानं बुडी मारली नाही. तो कुशीवर पडून फरफटत येऊ लागला, एखाद्या दारुड्याला चटईवरून ओढत न्यावं तसा.

"झोपलाय," चाचा म्हणाले. "भाई, वेग वाढव, उठेल."

अब्बांनी वेग वाढवला. मासा उठला खरा, पण पाण्यातून सरळ हवेत. टप्पे खात, गिरक्या घेत यायला लागला. एक समुद्रपक्षी त्याच्या मागे लागला, दोनदा जवळ आला, वास घेऊन निघून गेला.

"बघ, पाखरालाही पटला नाही तुझा इंग्रज," अब्बा म्हणाले.

तासभर हे चाललं. ती दोर लांब सोडायची, आखूड करायची, माशाला मराठीत नि इंग्रजीत शिव्या द्यायची. अब्बा सूर्याकडे बघायला लागले. परतायला तास हवा, नमाजाआधी आंघोळ हवी. उरलं किती ते शहरबानूला कळत होतं. शिवण! कापडाच्या कडेला बारीक बारीक टाके घालत फुफीच्या तोंडून भाकऱ्यांच्या गोष्टी ऐकायच्या, दर शुक्रवारी, जन्मभर.

तिनं कागद पुन्हा काढला. दोर थरथरला की समजायचं. थरथर कुठे होती? हातात तर नुसतं ओझं येत होतं. तिनं दोर ओढून घेतला, मासा लाँचच्या कडेला पाण्यात धरला आणि वाकून नीट पाहिलं. जीभ पातळ राहिलीच नव्हती. फुफी रुसल्यावर तिचा ओठ सुजून पुढे येतो, तशी दिसत होती.

"अब्बा, सुरी द्या."

"काय करतेस?" चाचा दचकले. तिनं जिभेवरचा लेप खरवडायला घेतला होता. "माझं काम खरवडतेस? दोन थर दिलेत, गो! शेखच्या गलबताला देतो तसे!"

"चाचा, गलबतानं बुडायचं नसतं. ह्यानं बुडायचंय!"

तीस वर्षं चाचा लाकूड बुडू नये म्हणून राबत होते. बुडण्यासाठी कोणी लाकूड बनवतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. अब्बा मात्र खो खो हसत सुटले. लाँचनं एक वळण उगाच घेतलं.

तिनं जीभ पत्र्यासारखी लखलखीत केली, पोटावरचाही लेप काढला. "हळू चालवा अब्बा. अजून हळू. खाडी ओलांडायच्या अबऱ्यातून म्हातारी नेताय असं समजा."

मासा पाण्यावर टेकला, जीभ खाली झाली आणि टुपकन दिसेनासा झाला. दोर ताणला. आणि मग तिच्या बोटांत, मनगटात, थेट कोपरापर्यंत ती बारीक थरथर आली, कोंबडीचं पिल्लू मुठीत धरल्यासारखी.

"पोहतोय!" ती किंचाळली. "ही इज स्विमिंग!"

"ऐकलं, ऐकलं. सुरमईनंही ऐकलं."

मग तिला एकेक गोष्ट कळत गेली. दहा वाव दोर सोडला की थरथर एकसारखी. चौदा वाव सोडला की टक टक, म्हणजे जीभ खालच्या वाळूवर आपटतेय, वर घ्या. थरथर मेली की गळात शेवाळ, काढा नि पुन्हा सोडा. चाचा रुसून बसले होते, तेही हळूहळू सरकत जवळ आले.

"किती वाव?"

"बारा."

"तेरा कर," चाचा म्हणाले, आणि तिनं नाही केलं.

अब्बांनी सुकाणू किनाऱ्याकडे वळवायला घेतलं, तेवढ्यात दोरीला हिसका बसला. फळी हातातून सुटून पायावर आदळली. दोर तळव्यातून सरसर जायला लागला, कातडी भाजत. शहरबानूनं ओढणी हाताला गुंडाळली आणि दोर आवळला. पलीकडून कोणीतरी तिला समुद्रात बोलावत होतं.

अब्बांनी सुकाणू सोडलं, एका उडीत मागे आले आणि दोर धरला. चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला.

"हात काढा!" शहरबानू ओरडली. "अब्बा, हात काढा म्हणते ना! सुकाणूवर जा!"

अलीमियाँवर असं आजवर कोणी ओरडलं नव्हतं, जहाजाचे गोरे कप्तानसुद्धा नाहीत. अब्बांनी हात काढला. सुकाणूवर गेले.

"डावीकडे घ्या. हळू! चाचा, सरका, तुमचं पोट दोरावर येतंय."

चाचांनी पोट आत घेतलं. जमेल तितकं.

गळाला लागलेला मासा पळाला, थांबला, पुन्हा पळाला. ती ओढत गेली, सोडत गेली, रडत होती का हसत होती हे तिलाच ठाऊक नव्हतं. शेवटी पाण्यात चांदीचा लांब पट्टा उलटला. चाचांनी मासा वर ओढायची आकडी उचलली.

"ती इकडे द्या," ती दात आवळून म्हणाली. "एकटीच्या हातानं."

आकडी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली. सुरमई लाँचमध्ये पडली आणि शहरबानू तिच्याशेजारी.

घरी फुफीनं सुरमई उलटीपालटी करून पाहिली. मग पोलिसासारखी समोर उभी राहिली.

"एकटीनं काढलीस? कोणी हात लावला नाही?"

चाचा छताकडे बघायला लागले. शहरबानूला खोटं बोलायला एक शब्द पुरला असता, आणि तिकडे लाँचवर तीनच माणसं होती.

"अब्बांनी लावला," ती म्हणाली. "एकदाच. मी काढायला लावला."

"तू? ह्याला?"

"ओरडली माझ्यावर," अब्बा म्हणाले. "माझ्याच लाँचवर. सुकाणूवर जा म्हणाली."

"आणि तू गेलास?"

"गेलो. तिचं बरोबर होतं."

फुफी भावाकडे बघत राहिली. मग शहरबानूकडे, तिच्या सोललेल्या तळव्यांकडे. मग तिनं पाट ओढला, बसली आणि विळीवर सुरमईचं डोकं धरलं.

"चाळीस वर्षं मी ह्याला सांगतेय, एक शब्द ऐकत नाही," ती म्हणाली. "जा बाई तू दर शुक्रवारी. बाकीचे सहा दिवस इथं बस माझ्यापाशी आणि मला शिकव, नेमकं कसं ओरडलीस ते."