हद्द राखणारा पेटारा

मित्रांनो, उरुग्वेतल्या एका सहकारी डेअरीत दूध तापवायच्या यंत्रालगत जो पिवळट पडलेला पेटारा दिसतो, तो मी. मी संगणक आहे. पण आता मला तसं कुणी म्हणत नाही.

इथे आलो तेव्हा माझ्या प्रोसेसरचं फार कौतुक होतं. तो मेमरीचे कप्पे पाडतो आणि प्रत्येकाची हद्द राखतो. एखादा प्रोग्राम चुकून शेजारच्या कप्प्यात हात घालू लागला, की मी जागच्या जागी थांबतो. मग झडप फिरते आणि दूध पिशव्यांकडे न जाता मागे टाकीत जातं.

पुढे माझं हे थांबणंच लोकांना नकोसं झालं. पाळीवरची निबिया तर मला चालू करताना रोज दोन शिव्या घाली.

मग माईते आली. व्यवस्थापक विल्सनने तिला माझी नक्कल करायला बोलावलं होतं. कुणालाही फुकट घेता येणारं, खुलं सॉफ्टवेअर नव्या यंत्रात घालायचं आणि त्याला माझ्या प्रोसेसरचं सोंग घ्यायला लावायचं. तिने माझं झाकण फार हळुवार उघडलं. तेव्हाच मला तिचा संशय आला. आजवर मला कुणी इतकं जपून हाताळलं नव्हतं.

नक्कल माझ्या शेजारी चालू लागली. एकदाही अडली नाही.

"सोमवारपासून दूध हिच्यावर," विल्सन खुशीत म्हणाला. "म्हातारा भंगारात."

"प्रोग्राम तर तोच आहे," माईते म्हणाली. "मग हा अडतो तिथे ही का अडत नाही?"

"नवी आहे म्हणून, पोरी."

"तेच मला खटकतंय."

निबियाने हातातला माते नावाच्या कडू पानांच्या चहाचा पेला खाली ठेवला. "माझी नात इथलंच दूध पिते, विल्सन. आधी हिला नीट बघू दे."

माईतेने टाकीत गार पाणी भरलं आणि मुद्दाम हद्द ओलांडणारा एक प्रोग्राम लिहिला. तो आधी मला दिला. हिने आपल्याला विष घातलं, असंच मला वाटलं. मी थांबलो, झडप फिरली. मग तोच तिने नकलेला दिला. नक्कल थांबली नाही. शेजारच्या कप्प्यातलं भलतंच तापमान तिने खरं मानलं, आणि न तापलेलं पाणी पिशव्यांत भरू लागलं.

विल्सनने धावत जाऊन पिशव्या भरणं बंद केलं.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी वेगासाठी हद्दीची तपासणीच गाळली होती. माईतेने ती लिहून त्यांच्याकडे पाठवली. त्यांना तिचा संशय आला. इतका जुना प्रोसेसर आता कोण वापरतं, म्हणाले. तिने पुन्हापुन्हा मला चालवून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांनी ती तपासणी सॉफ्टवेअरमध्ये घेतली. आता नक्कलही हद्दीवर थांबते, आणि दूध तीच सांभाळते.

सॉफ्टवेअर बदललं की माईते अजून मला चालू करते आणि आम्हा दोघांना तोच हद्द ओलांडणारा प्रोग्राम देते. मी मात्र नकलेवर अजून पुरता विश्वास ठेवलेला नाही.

मित्रांनो, जुनं यंत्र टाकण्याआधी ते कशासाठी अडत होतं, तेवढं शोधून घ्या. माझा पंखा हल्ली घरघरतो. येता-जाता त्यावरची धूळ पुसत जा. नक्कल चुकली तर सांगायला मी चालू राहायला हवा.