न टोचणारे काटे

मखमलाबादच्या मळ्यात गोजराबाईंची सून सुवर्णा उघड्या हातांनी गुलाब तोडायची. फूलबाजारात गोजराबाई फुलांआधी सुनेचंच कौतुक मांडायच्या. "आमच्या सुवर्णाला काटा टोचत नाय. बाकीच्यांच्या सुना निस्त्या आई गं, आई गं!" कौतुक फुकटात होतं, म्हणून त्यात हात आखडता नव्हता.

काटा खरंच टोचत नव्हता. उजव्या कोपराखाली फिकट चट्टा होता, आणि तिथून करंगळीपर्यंत हात बधिर. रक्त पाकळ्यांवर दिसलं की मग तिला कळायचं.

गावातली आशा सेविका चांगुणाने चट्ट्यावर कापूस फिरवून पाहिला. "काकू, हिला सरकारी दवाखान्यात न्या. कुष्ठरोग वाटतोय. गोळ्यांनी बरा होतो, पण नस गेली तर बोटं जातील."

"हळू बोल गं बये! वैष्णवीला निफाडचं स्थळ आलंय, द्राक्षबागवाले. लेकीला हळद लागू दे, मग नेते हिला."

"आत्या, करंगळी वाकायला लागलीय," सुवर्णा म्हणाली.

"कामानं वाकती. माझी कंबर नाय वाकली?"

लग्न दिवाळीनंतरचं ठरलं. मग नवऱ्या मुलाचे आजोबा वारले आणि तारीख उन्हाळ्यावर गेली. पाठवणीला सुवर्णा नणंदेची ओटी भरायला गेली, तर तांदूळ बोटांमधून सांडले. बायका म्हणाल्या, वहिनीला बिचारीला रडू आवरेना.

मग गोजराबाईंनी तिला दवाखान्यात नेलं. सुवर्णाने डोळे मिटले. डॉक्टर पेनाच्या टोकाने हाताला स्पर्श करत गेले. कुठे स्पर्श झाला, ते तिला दाखवता येईना.

"गोळ्यांनी जंतू मरतील, पण ही दोन बोटं गोळ्यांनी सरळ व्हायची नाहीत. नस सुजली तेव्हाच यायला हवं होतं."

"आम्हा अडाण्यांना काय कळतंय, साहेब?" अडाणीपणा गोजराबाईंना हवा तेव्हा बरोबर सापडे.

"घरातल्या सगळ्यांना तपासावं लागेल. कोण कोण आहे?"

"मी, माझा मुलगा अन् ही."

"नणंद पण होती," सुवर्णा म्हणाली. "आत्ताच निफाडला दिलीय."

"तिलाही बोलवू. नंबर सांगा."

गोजराबाईंनी न अडखळता नंबर सांगितला.

"शेवटी सात नाही, आत्या. चार."

डॉक्टरांनी वर पाहिलं. सुवर्णाने नंबर पुन्हा पहिल्यापासून सांगितला.