आईची शेवटची अंघोळ

मरायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "मला शेवटचं पाणी माझ्या जावेनंच घालायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

दादा आणि मी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. जिचं नाव तीस वर्षं या घरात चोर म्हणूनच निघालं, आणि ते नाव आईनंच पाडलेलं, तिला बोलवायचं? पण मरणाऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढं आम्हाला शिकवलेलं होतं.

प्रकरण एका अंगठीचं. आजीची पोवळ्याची अंगठी हरवली त्या दिवशी आजीच्या खोलीत आईची ही जाऊ, म्हणजे आमची काकू, एकटीच होती. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "हात घरातलाच आहे, आणि कुणाचा तेही मला ठाऊक आहे." काकूनं शपथ घेतली, पण ऐकतो कोण? मी तेव्हा सात वर्षांची होते. काका त्याच आठवड्यात तिला घेऊन दोन गल्ल्यांपलीकडे राहायला गेले आणि दहा वर्षांपूर्वी तिथेच वारले.

वस्तीत कुणी बाई गेली की तिला गुसल, म्हणजे दफनाआधीची अंघोळ, काकूच घालायची. त्याचा एक पैसा घेत नसे. गंमत बघा, जिवंत बायका तिला पाहून कपाटाला कुलूप लावायच्या आणि मेल्यावर बिनबोभाट तिच्या स्वाधीन व्हायच्या. कारण कुणाच्या अंगावर कुठला डाग दिसला, कुठली जखम दिसली, हे तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. धुणाऱ्यानं मेलेल्याचं उणं झाकावं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पाळणारी मी ती एकच पाहिली.

आई गेली त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर काकू आली. मागच्या खोलीत फळी मांडली, दाराला चादर लावली, आणि आईच्या अंगावरचं कापड न काढता त्याच्याखालून हात घालून धुवायला लागली. मी पाणी ओतत होते.

"कोमट आहे ना? बघून घाल. मेलेल्या माणसालाही चटका बसू देऊ नये," ती म्हणाली.

आईच्या केसांत गुंता झाला होता. तो ती एकेक बट धरून सोडवत होती, लेकीचा सोडवावा तसा. मला रडू आलं आणि आईचा रागही आला.

शेवटच्या पाण्यात कापूर घालतात. तो बाहेर राहिला होता म्हणून मी आणायला गेले. परत आले तर चादरीच्या फटीतून दिसलं, की आईच्या दंडाला कायम बांधलेला काळ्या कापडाचा ताईत काकूनं सोडला होता. हाताला काही टणक लागलं असावं, कारण तिनं शिवण उसवली होती. त्यातून निघालेली अंगठी तिच्या ओल्या तळहातावर होती. तेच लाल पोवळं. तिनं मूठ मिटली आणि दुसऱ्या हातानं आईच्या कपाळावरचं पाणी पुसलं.

मी खाकरून आत गेले. कापूर पाण्यात चुरला.

कफन बांधून झाल्यावर काकू बाहेरच्या खोलीत आली आणि अंगठी दादाच्या हातावर ठेवली. "तुझ्या आजीची आहे. वारसांची वस्तू वारसांकडेच गेली पाहिजे."

"कुठे होती?" दादानं विचारलं.

काकू गप्प. भिंतीकडेला बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दादा आधी लालबुंद झाला, मग त्यानं मोठं मन केलं. मोठं मन करताना माणूस किती वाईट दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

"तीस वर्षांनी का होईना, परत केलीत," तो म्हणाला. "आज आईचा दिवस आहे. जा काकू, मी तुम्हाला माफ केलं."

काकूनं मान खाली घातली. खोटं ती बोलली नव्हती आणि खरं बोलणार नव्हती.

तेव्हा कुठे मला आईची चाल कळली. अंगठी तिनंच घेतली होती, की नंतर कुठे सापडली आणि सांगायची लाज वाटली, ते अल्लालाच ठाऊक. जिवंतपणी तिचं तोंड उघडलं नाही. मग कबुली द्यायला तिनं नेमकी अशी बाई निवडली, जी ती कुणालाही सांगणार नाही. कबूलही केलं आणि झाकूनही घेतलं!

आई आतल्या खोलीत कफनात होती. अर्ध्या तासात तिला खांदे लागणार होते. मी गप्प बसले असते तर ती चांगल्या नावानं गेली असती. पण साक्ष द्यायची तर खरी द्यायची, मग ती आईबापाविरुद्ध का असेना, हे मला शिकवलं होतं तेही तिनंच.

"दादा, अंगठी आईच्या ताईतात होती," मी म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

"पोरी, गप!" काकू एवढ्यानं ओरडली की बायका दचकल्या. "फळीवरचं फळीवरच राहतं. मी झाकलं होतं ना?"

"तुम्ही झाकलंत, तुमचं काम झालं. पण माणसावर केलेला अन्याय त्याच माणसानं माफ करावा लागतो. हे ओझं घेऊन मी तिला कबरीत जाऊ देणार नाही."

दादानं अंगठी खाली ठेवली. मग तो काकूसमोर जमिनीवर बसला. "काकू, आईला माफ करा," तो म्हणाला. "आणि मला."

"तिला मी शेवटचं पाणी घालतानाच माफ केलं. तुलाही केलं. ऊठ, उशीर करू नका, न्या तिला."

दादा आत गेला. काकू भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्याजवळ बसले. बाहेर माणसं जनाजा उचलत होती. काकू कोरडे झालेले हात ओढणीला पुसतच राहिली.

"तुझे काका," ती हळूच म्हणाली, "जायच्या आधी माझा हात धरून म्हणाले, आता तरी खरं सांग, मी तुला माफ करीन."