न लागणारी नाडी

दोघी बहिणींचं केस कापायचं छोटंसं दुकान होतं. थोरली कापायची, धाकटी केस धुऊन सुकवून द्यायची. कंगवा धरून वर उचलला की थोरलीचा डावा हात शिशासारखा जड व्हायला लागला, तेव्हा सगळे म्हणाले, मान आखडली असेल.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्तदाब घेतला. यंत्र बदलून पुन्हा घेतला. मग तिच्या मनगटावर बोटं सरकवत नाडी शोधली. "डाव्या हाताची नाडी लागत नाही."

"अहो, चांगली बोलतेय की ती," धाकटी हसत म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून दिली.

मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञ बाईंनी तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं, "हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज आहे. त्या आतून अरुंद होतायत. आजार दुर्मिळ आहे, मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत."

गोळ्यांनी चेहरा भोपळ्यासारखा झाला. गिऱ्हाइकं म्हणायची, "तब्येत सुधारलीय हो तुमची." त्यात दिवसभर समोर आरसा. शेवटी थोरलीनं कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या.

एका दुपारी एका बाईंच्या कानाजवळचे केस कापताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कात्री उघडी आणि कान कुठाय ते दिसेना. ती जागच्या जागी थिजली.

"अगं," ती हळूच म्हणाली, "माझ्या हातातली कात्री काढून घे."

नजर परतली. धाकटीनं तिला तशीच इस्पितळात नेलं. तिथं थोरलीनं गोळ्यांचं खरं काय ते सांगून टाकलं. तज्ज्ञ बाई रागावल्या नाहीत, त्यानंच ती जास्त घाबरली.

"मेंदूकडे रक्त कमी पडतंय. आजच दाखल व्हा. सलाइनमधून दुसरं औषध सुरू करू."

"त्यानं काही झालं तर?"

"आम्ही इथंच आहोत. न घेतलं तर काय होईल, याची मला जास्त भीती वाटते."

थेंब पडू लागले. थोरली डोळे मिटायला तयार नव्हती. उघडल्यावर दिसलंच नाही तर? धाकटीनं तिचं डावं मनगट घट्ट धरलं होतं.

"उजवं धर गं, त्यात निदान काहीतरी लागेल."

धाकटी हसता हसता रडायला लागली.

हळूहळू सूज उतरली. अंधारी पुन्हा आली नाही. डावी नाडी मात्र आलीच नाही. थोरली आता मध्येमध्ये हात खाली घेत कापते, गिऱ्हाइकं थांबतात. तपासणी जवळ आली की तिच्या तोंडचं पाणी पळतं, उगाच धाकटीवर खेकसते. धाकटी तिची इस्पितळाची फाईल उचलते, दुकानाला कुलूप घालते आणि म्हणते, "चल, रांग वाढेल."