पदराखालचा भाव

हिमांशूनं गाडीमागं उकिडवं बसून सायलेन्सरच्या नळीत बोट घातलं, काळं झालेलं बोट नाकाशी नेलं आणि अत्तर पारखावं तसे डोळे मिटून हुंगलं, तेव्हा कालिंदीला खरोखरच मळमळलं. वाळूजच्या कंपनीत ज्याच्या हाताखाली अख्खं खातं चालतं, तो आपला नवरा चितेगावच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये परक्याच्या गाडीचं बूड हुंगत बसलाय, हे तिला बघवेना.

"तेल जळत नाहीये," तो उठत म्हणाला. "काजळी कोरडी आहे. टर्बो ठणठणीत."

टर्बो हा शब्द गेले दोन महिने घरात देवाच्या नावासारखा घेतला जात होता. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, एवढाच त्याचा अर्थ, हे कालिंदीला एव्हाना पाठ झालं होतं. तो पंखा फिरला की माणूस सीटला चिकटतो म्हणे. चिकटून जायचं कुठं, ते मात्र हिमांशू सांगत नसे. मुकुंदवाडीहून वाळूजला जाताना निम्मा वेळ रिक्षांच्या मागं पहिल्या गिअरमध्येच जातो. घरात एक धडधाकट गाडी होतीच. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत.

आणि हे घोडं यायचं होतं कालिंदीच्या पैशातून. आई गेल्यावर औरंगपुऱ्यातल्या तिच्या दोन खोल्या विकल्या, ती रक्कम कालिंदीच्या एकटीच्या नावावर होती. तिची सही झाल्याशिवाय त्यातला रुपया हलणार नव्हता. म्हणून तर रविवारी सकाळी तिला सोबत आणलं होतं, तिच्या मताला मोल आहे म्हणून नव्हे. आणि खरं सांगायचं तर ती सही करायच्याच तयारीनं आली होती. रोज जेवताना टर्बो, झोपताना टर्बो. एकदाची कटकट मिटू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

गाडी लालभडक होती. बिडकीनकडची जमीन कारखान्यांसाठी गेली, तेव्हा बद्रीनाथ पाटलांच्या घरात पैसा आला आणि त्यांच्या मुलानं, सत्यमनं, पुण्याच्या एका डॉक्टरकडून ही सेकंडहँड आणली. जमिनीवर कारखाने यायचे होते ते अजून यायचेच होते. गाडी मात्र आली. पैठण रोडच्या खड्ड्यांनी तिचं पोट खरवडलं, पाचोडच्या बाजारातून एकदा मागच्या सीटवर बोकड आला, आणि मग ती शेडमध्ये बसली. सत्यमच्या मनात आता दुसरं काही होतं, आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"टँकर घ्यायचा हाय, साहेब. आमच्या हिरीला अजून पाणी हाय. संभाजीनगरात पाण्याला सोन्याचा भाव आलाय. ही गेली की तो येतो."

हे बोलताना तो पाइप धरून गाडी धूत होता. पाहुणे आल्यावर त्यानं मोटर चालू केली होती, "बाई, जरा चकाचक करतो" म्हणाला होता. टपावरून, काचांवरून, चाकांमधून पाणी धो धो वाहत मातीत जिरत होतं. बांधापाशी गावातल्या दोन बायका रिकामे हंडे कमरेवर घेऊन, पाइप कधी मोकळा होतो याची वाट बघत उभ्या होत्या. शेडमागं मोसंबीची बाग होती. विहिरीजवळच्या ओळी तेवढ्या हिरव्या, पलीकडं सगळा जळका पिवळा रंग. कालिंदीची नजर त्या बायकांकडं गेली आणि तिनं ती खाली वळवली. तिला त्या गाडीची किळस आली, तिच्या चकाकीची तर जास्तच.

हिमांशूला त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यानं फ्रीजवरचं माशाच्या आकाराचं लोहचुंबक मोज्यात घालून आणलं होतं, ते तो गाडीच्या अंगावरून फिरवत होता. पत्रा असला की चिकटतं, ठोकून पुटी भरलेली असली की घसरतं. मागच्या दारावर ते घसरलं, तेव्हा सोयरीक मोडायला निमित्त सापडलेल्या मामासारखा त्याचा चेहरा खुलला.

"धडकलेली आहे," तो तिच्या कानाशी म्हणाला. "बाकी इंजिन सोनं आहे. हिची खरी किंमत साडेसात लाख. तो आठ म्हणतोय, आपण साडेपाचपासून सुरू करू. दुष्काळ आहे, घाई त्याला आहे. ताणलं की उतरेल."

दुष्काळ आहे, हे तो कापडदुकानात सेल लागल्याच्या सुरात म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचा राग पुष्कळदा आला होता. वीट असा आज आला.

चक्कर मारून झाली. टर्बोनं खरंच सीटला चिकटवलं, आणि पुढच्याच गतिरोधकावर पोट घासून कर्रकन आवाज झाला. दोघं पुरुष त्यावर खुशीत हसले. वाटेत हिमांशूनं सोसायटीचं रडगाणं लावलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, टँकरवाला माजलेला, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून शिव्या याला. "कोणती सोसायटी म्हणलात, साहेब?" सत्यमनं विचारलं आणि हिमांशूनं खिशातून कार्ड काढून दिलं. कालिंदीनं ते बघितलं आणि सोडून दिलं.

ओट्यावर बद्रीनाथ बसले होते. डोक्याला पांढरा रुमाल, मांडीवर घडी केलेलं उपरणं. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी पाचोडच्या बैलबाजारात घालवली होती.

"बैल इकताना आधी खोड सांगायची आसती," ते म्हणाले. "हिची खोड अशी, की ती पेट्रोल पिती आन घरी बसती. आता भावाचं बोलू. पर चारचौघांत तोंडानं नाय. तोंडानं भाव सांगितला की एकाची तरी लाज जाती."

त्यांनी उपरणं हातावर पसरलं. बाजारातली जुनी रीत. कपड्याखाली एकमेकांची बोटं धरायची, एक बोट म्हणजे एक लाख, आडवं दाबलं की अर्धा. मूठ मिटली की सौदा मोडला. आणि आत काय झालं ते दोघांपलीकडं कुणाला सांगायचं नाही. हिमांशू हौसेनं पुढं सरसावला, अशी गंमत कंपनीत सांगायला बरी.

"थांबा," बद्रीनाथ म्हणाले. "पैका कुणाचा?"

हिमांशूनं कालिंदीकडं बघितलं.

"माझा," कालिंदी म्हणाली.

"मग हात तुमचा लागंल. ज्याचा पैका त्याचा हात." म्हाताऱ्यानं उपरणं मागं घेतलं. "आन मी परक्या बाईचा हात कसा धरू? आवडे, तू ये."

आवडाबाई, त्यांची बायको, आतून हात पुसत आली. उंच, वाळलेली, कपाळावर मोठं कुंकू. ती कालिंदीला ओट्याच्या कडेला घेऊन गेली आणि दोघींच्या हातांवर आपला पदर टाकला. पुरुष पुन्हा गाडीचं बॉनेट उघडून त्यात डोकी घालून उभे राहिले.

त्या हाताला भेगा होत्या. कालिंदीनं पाच बोटं पुढं केली, वरचा अर्धा दाबायच्या तयारीत. आवडाबाईनं बोटं मोजलीच नाहीत. तिनं पाचही एकत्र केली, तळव्यात दुमडली, आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत गच्च दाबून धरली.

"घेऊ नको, माय," ती ओठ न हलवता म्हणाली. "गाडी गेली की टँकर दारात येतो. टँकर आला की हीर उपसती. ती मागची झाडं ह्या हातानं लावल्यात. जमीन गेली, पैका बी गेला, तेवढीच बाग ऱ्हायली. पोरगं म्हणतं झाडाला पाणी घालणं येडेपणा हाय. म्हातारा पोराफुडं बोलत नाय. तू नाय म्हण. एवढं कर."

"दुसरा कुणी घेईल, मावशी."

"दुसरा येईस्तोवर पाऊस तरी यील."

कालिंदीला त्या घडीला स्वतःचे पैसे पहिल्यांदा आपले वाटले. तिनं पदराखाली तो हात दाबला आणि मोठ्यानं म्हणाली, "नाही जमलं."

बद्रीनाथांनी मान हलवली. रीत ती रीत. हिमांशूचं तोंड पडलं. परतताना मोटारीत त्यानं पैठण रोडभर एकच धोशा लावला. किती म्हणाली ती? तू किती म्हणालीस? तुला बाजारातलं काय कळतं?

"कपड्याखालचा भाव सांगायचा नसतो," कालिंदी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. प्लॉटिंगचे फलक, निळ्या टाक्या, पुन्हा फलक. तिला फार दिवसांनी बरं वाटत होतं.

पुढं हिमांशूनं गाडीचा विषय सोडला. टर्बोचं नाव निघेना. खूळ उतरलं, असं समजून कालिंदी निर्धास्त झाली. सोसायटीत टँकर मात्र आता वेळेवर येऊ लागला होता, भल्या पहाटे, बायका उठायच्या आत. पाणीही गोडं, साबणाचा फेस होणारं. शेजारणी सेक्रेटरीचं कौतुक करू लागल्या आणि तिलाही ते ऐकायला आवडलं.

अक्षय्य तृतीया आली. आईच्या नावानं पाण्याचं दान द्यायचं म्हणून कालिंदीनं मातीचा करा आणला, टाकीतलं पाणी गाळून भरला, वाळा टाकला, वर आंबा ठेवला. तेवढ्यात हिमांशूनं खालून हाक मारली. आवाजात लहान पोराचा आनंद होता.

पार्किंगमध्ये ती उभी होती. लालभडक. आरशांना झेंडूच्या माळा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक.

"तुझ्या पैशाला हात लावलेला नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "बँकेचं कर्ज. आणि भाव ऐक, पाच! साडेसातची गाडी पाचला. पाण्याचं सगळं काम सत्यमला दिलं, सोसायटीची उन्हाळ्याची आगाऊ रक्कम दिली, त्यात त्यानं टँकर घेतला. त्यानं गाडीत भाव सोडला. कुणाचंच नुकसान नाही. फक्त सोसायटीत बोलू नकोस."

शेजारी नवाकोरा टँकर उभा होता, आणि सत्यम त्याचाच पाइप गाडीच्या चाकांवर धरून होता. पार्किंगच्या फरशीवरून पाणी तिच्या चपलांपर्यंत आलं. इतके दिवस आंघोळीला, भांड्यांना, कुंड्यांना आपण काय ओतत होतो, हे कालिंदीला आता कळत होतं. नवऱ्याची शिसारी आलीच. पण "पाणी छान आहे हो" असं शेजारणीला सांगणारा स्वतःचा आवाज आठवला आणि ती शिसारी तिच्यावरच उलटली. नाही म्हणून आपण सुटलो असं वाटलं होतं. सुटलं कोणीच नव्हतं, आणि आपण तर त्या विहिरीचं पाणी मिटक्या मारत प्यायलो होतो.

टँकरच्या केबिनचं दार उघडलं आणि आवडाबाई उतरली. सण म्हणून नव्या टँकरला नारळ फोडायला लेकानं तिला आणलं होतं. ती उन्हात उभी राहून चार मजली इमारतीकडं, खिडक्यांतल्या कुंड्यांकडं, गच्चीवरच्या टाक्यांकडं बघत होती. मग तिला कालिंदी दिसली.

"तहान लागली, माय," ती म्हणाली.

कालिंदी वर गेली आणि आईच्या नावाचा करा तसाच उचलून घेऊन आली. दान द्यायचं तर याहून कुणाला? तिनं पेल्यात पाणी ओतलं. आवडाबाईनं पहिला घोट तोंडात धरला, थांबली, मग सावकाश गिळला.

"आमच्याच हिरीचं हाय," ती म्हणाली. "गोड हाय अजून. तळाचं हाय, पर गोड हाय."

"मावशी, मी नाहीच म्हणाले होते," कालिंदी म्हणाली. "मला हे माहीत नव्हतं."

"व्हय, तू नायच म्हणलीस." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर कालिंदीला सोसला असता. "बाग गेली. मागल्या हप्त्यात पानं गळाली."

तिनं पेला पूर्ण रिकामा केला, थेंब सांडू न देता. मग पाठमोऱ्या हिमांशूकडं पाहिलं. तो फडक्यानं बॉनेट पुसत होता, आणि मागच्या दारावर ऊन पडलं की पुटी दिसते का ते वाकून बघत होता.

"केवढ्याला पडली म्हणायची गाडी?" आवडाबाईनं विचारलं. "तोंडानं नको सांगू."

तिनं पदर पुढं पसरला आणि त्याखाली हात धरला. कालिंदीनं आपला हात आत घातला. भेगांचा तो हात बोटं मोजायची वाट बघत राहिला, आणि कालिंदीची मूठ काही केल्या उघडेना.